चिबडात उतरलेली बदकं

जन्मभर मी पाखरं हाकलली. जोंधळ्याच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायला लागलो तेव्हा चौथीची शाळा सुटली, ती सुटलीच. माझी हाळी वाऱ्यावर निघाली की नदीपल्याडच्या गावात ऐकू जाते असं लोक म्हणायचे आणि मला ते लय आवडायचं. पाखरू म्हणजे दाणे खाणारं, ते उडवायचं, एवढंच मला ठाऊक. म्हातारपणी पाखरांना बोलावून आणायची पाळी येईल असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी येड्यात काढलं असतं.

झालं असं की बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकून तिला किती तरी वर्षं सगळं धुरकट दिसत होतं. इस्लामपूरच्या दवाखान्यातनं घरी आणली. पट्टी निघाली, काळा चष्मा निघाला आणि एका सकाळी ती घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बाहेर बघत बसली. मला वाटलं, आता म्हणेल, डोळं झ्याक झालं. तर म्हणाली, "लांबचं दिसाय लागलं खरं, पन बघाय हाय काय? हिकडं ऊस, तिकडं ऊस. भिताडाकडं तोंड करून बसल्यागत वाटतंय."

मी म्हणालो, "मग काय दुष्काळ बघाय पायजे व्हय तुला?"

हे माझं नेहमीचं बोलणं. बायको खटाव तालुक्यातली, माळरानावरची. आमच्या वाळव्याच्या नदीकाठाला तिकडच्या माणसाला दुष्काळीच म्हणतात. लग्न होऊन ती आमच्या उंबऱ्यातनं आत आली तेव्हापासून मी हे म्हणत आलोय. चार माणसांत म्हटलं की माणसं हसायची, आणि माणसं हसली की मला बरं वाटायचं.

त्या दिवशी ती रागावली नाही. म्हणाली, "दुष्काळ असंल, पन आमच्या गावाला तळं हाय. थंडीत तितं बदकं उतरायची. आमी पोरी शेण्या थापायचं टाकून बघत बसायचो, आन आई मागनं येऊन पाठीत धपका घालायची." एवढं बोलून ती आत गेली.

तिच्या माहेरात आता कुणी राहिलं नाही. भाऊ वारला, भाचे पुण्याला गेले, घराला कुलूप आहे. तळं आहे अजून, पण बाईमाणसानं एसटीतनं उतरून जायचं कुणाच्या दारात?

तिच्या खुर्चीतनं दिसतील अशी बदकं आणायची, हे मी त्याच दिवशी मनात धरलं. तिला सांगितलं नाही. बायकोसाठी काही करतोय असं बोलायला माझी जीभ कधी वळलेली नाही. गावात सांगितलं की शेततळं काढतोय. सोप्यासमोरचा उसाचा तुकडा मोडला आणि उन्हाळ्यात जेसीबी लावला.

पोरगा शिरवळला कंपनीत आहे, सुट्टीला घरी येतो. तो म्हणाला, "आबा, आपल्याला नदीचं पानी बारमाही. शेततळं कशापायी?"

"तुला न्हाई कळायचं," म्हणालो. मला उत्तर सापडलं नाही की मी असंच म्हणतो.

तळं देखणं झालं. चारी कडा सरळसोट, आत काळा कागद, म्हणजे शेततळ्यात अंथरतात तो जाड प्लास्टिकचा, कुठं एक सुरकुती नाही. पाणी भरलं तेव्हा आभाळ त्यात उतरल्यासारखं दिसायचं. बायकोनं खुर्चीतनं बघितलं आणि म्हणाली, "चांगलं हाय." त्यावर काही नाही.

पावसाळा सरला, थंडी पडायला लागली. बदक काही फिरकलं नाही. म्हटलं, बोलावल्याशिवाय कोण येतंय? बाजारातनं दोन पांढरी पाळीव बदकं आणली, त्यांना बघून रानातली उतरतील म्हणून. तळ्यात सोडली, तर त्यांना वर येता येईना. कागद निसरडा. पाय मारायची आणि घसरून परत पाण्यात. दिवसभर त्यांचा आरडाओरडा. शेवटी सुनेनं गोणपाट खाली सोडलं, त्याला धरून ती वर आली आणि तडक गोठ्यात शिरली. त्यानंतर ती म्हशीच्या हौदात पोहायची. मी धरून तळ्याकडं न्यायला लागलो की म्हशीच्या पायांत लपायची.

मग पोराच्या मोबाईलवर रानबदकाचा फोटो बघितला. हळदीकुंकू बदक म्हणतात त्याला. चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या बुडाशी कपाळाजवळ कुंकवासारखे तांबडे ठिपके. मी सुताराला म्हणालो, अशी तीन लाकडाची करून दे, पाण्यावर सोडायची हाईत. तो म्हणाला, हलकं लाकूड घेऊ. मी म्हणालो, आमच्या घरात हलकं काय चालत नाही, बाभळीचंच कर, शंभर वर्षं टिकेल. त्यानं मुकाट्यानं ओल्या बाभळीची केली, रंग दिला. पाण्यात सोडली तर दोन दगडासारखी तळाला गेली. तिसरं उताणं तरंगलं.

आमच्या शेजारी फौजेतनं रिटायर झालेला सुभेदार राहतो, माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच माळ्यावर राखण करायचो. तो तळ्यावर आला, त्या उताण्या बदकाकडं बघत उभा राहिला.

"आबा, ह्ये आजारी हाय का रं?"

"गप की."

"न्हाई, हळदीकुंकू हाय म्हणतोस. गल्लीतल्या बायका बोलवू का ओटी भराय?"

सोप्यातनं बायकोचं हसणं ऐकू आलं. मी तिच्यासाठी एवढं करतोय आणि ती हसते, याचा मला राग आला. हे तिला ठाऊकच नाही, हे डोक्यात आलं नाही.

एका सकाळी तोच सुभेदार नदीकडनं फिरून आला आणि फाटकात उभा राहून म्हणाला, "आबा, तुझी बदकं आली गड्या."

मी वहाणा न घालता उठलो. तळ्याकडं बघितलं. काही नाही.

"कुठं?"

त्यानं सोप्याकडं नजर टाकली, बायको आत होती, तरी आवाज खाली आणून म्हणाला, "चिबडात."

आता हे चिबड काय ते सांगायला पाहिजे.

नदीवरनं उपशाचं पाणी आमच्या रानात आलं तेव्हा पोरगा रांगत होता. जन्मात पहिल्यांदा पाणी आमच्या हातात आलं होतं, बटण दाबलं की धो धो. खालचं रान म्हणजे आमच्या घराण्याचं नाक. काळंभोर, हातात घेतलं तर लोण्यासारखं. त्यात ऊस लावला आणि मोटर चालू केली ती मी बंदच करायचो नाही. बाकीचे पाळीनं पाणी द्यायचे, मी रात्रंदिवस. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, ह्यात शिकायचं काय असतं, असं मला वाटायचं. भाकरी घेऊन बायको रानात आली की सरीतल्या पाण्यात पाय घालून उभी राहायची आणि म्हणायची, "आवं, बास करा. रानाला बी पोट असतंय. फुगलंय ते."

एक दिवस उसाला पाणी पाजणारा पाणक्या, दोन गडी आणि सुभेदार, तो तेव्हा सुट्टीवर आला होता, असे सगळे बांधावर जेवायला बसले होते. तिथं ती परत म्हणाली. मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालो, "दुष्काळातल्या बाईनं आमाला पानी शिकवायचं न्हाई. तुमच्यात गुळणी भरायची पंचाईत."

गडी हसले. सुभेदार हसला नाही. तिनं भाकरीचं फडकं उचललं आणि म्हणाली, "ह्या रानात म्या परत पाय ठेवायची न्हाई." तशीच गेली.

पुढं दोन-तीन सालांत रान तिच्या बोलण्यासारखं झालं. पाणी जिरायचं थांबलं. जमिनीतनं मीठ वर आलं, सकाळी बघावं तर पांढरं, पीठ सांडल्यागत. ऊस पिवळा पडला, मग बोटाएवढा झाला, मग उगवलाच नाही. खालचं पाणी वर येऊन साठलं आणि त्यात लव्हाळा आणि पाणकणीस माजलं. आमच्याकडं अशा रानाला चिबड म्हणतात. नदीकाठाला अशी चिबडं लय आहेत आणि प्रत्येकाचा मालक माझ्यासारखाच एकेक शहाणा आहे. मी रस्त्याच्या कडेनं हत्तीगवताची दाट ओळ लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. तिकडं जायचं बंद केलं. घरात त्या रानाचं नाव निघत नाही. बायको कधी म्हणाली नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो.

तर बदकं तिथं उतरली होती.

हत्तीगवत बाजूला सारून मी बघितलं. फोटोतलीच. तपकिरी खवल्याखवल्याचं अंग आणि ती चोच. चिखलात डोकं घालून, शेपट्या वर करून खात होती. एक दुसऱ्याला ढकलत होतं, दोन लव्हाळ्याच्या कडेला झोपली होती. आपल्या बापाच्या घरात असल्यासारखी निवांत.

आनंद झाला म्हणायला पाहिजे, पण पहिल्यांदा वाटलं, ह्यांना कुणी बघितलं असेल तर त्यानं चिबडपण बघितलं. आणि दुसरं वाटलं की आता हिला बदकं दाखवायची म्हणजे हिला ह्या रानात आणायला लागणार. त्यापेक्षा बदकंच तिकडं नेली तर? तळं हाकेच्या अंतरावर. इथनं उठली की तिथं बसतील. कोंबडी नाही का आपण खुराड्याकडं वळवत?

मी गोफण आणली नाही, एवढीच अक्कल राहिली होती. पण तळ्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि जन्मभर दिली तशी हाळी दिली.

सगळी एकदम उठली. पाण्याचा तो आवाज. वर गेली, घराच्या दिशेनं वळली, आणि मला वाटलं, साधलं. तळ्यावरनं एक फेरा मारला. काळ्या कागदाकडं त्यांनी वरनं बघितलं असेल, त्या सरळसोट कडा, कुठं चिखल नाही, गवताची काडी नाही. उतरली नाहीत. नदीकडं गेली आणि उसापल्याड दिसेनाशी झाली.

घरी आलो तर बायको खुर्चीत होती. "कुणावर वरडत हुता?"

"डुक्कर शिरलं हुतं उसात."

"मग वरनं काय गेलं त्ये?"

"बगळं असत्याल," म्हणालो आणि पाय धुवायला मागं गेलो. किती वेळ पाय धूत होतो ठाऊक नाही.

त्या दिवसापासून रोज पहाटे मी गुपचूप चिबडाकडं जायचो. चोरासारखा, गवतातनं वाकून. नुसतं पाणी. ज्या रानाकडं इतकी वर्षं ढुंकून बघितलं नाही तिथं रोज जाऊन उभा राहायचो. हात जोडायचा माझा स्वभाव नाही, पण एकदा जोडले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही. सुभेदारानं विचारलं, "गेली व्हय रं?" मी म्हणालो, "जायना का." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं विचारलं नाही. हाळी त्यानंही ऐकली होती.

संक्रांत झाल्यावर ती परत आली. थोडी कमी होती. मी ओरडलो नाही, हललोसुद्धा नाही. आल्या पावली घरी परतलो.

बायको सोप्यात सूप घेऊन जोंधळं पाखडत बसली होती. सून आत चुलीपाशी. मी खांबाला टेकून उभा राहिलो. बोलायचं काय ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं गेलं.

"खालच्या रानाकडं येतीस का जरा?"

सूप थांबलं. "कुठल्या?"

"खालच्या."

"काय हाय तितं?"

"बदकं आल्यात."

तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला. "तुमी तर डुक्कर म्हणला हुता."

सुपातनं सांडलेलं जोंधळं वेचायला मी वाकलो.

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय माझ्या," ती म्हणाली. "बगळा आन बदक मला कळतंय. तुमी हाकलली ती. म्या हितनं बघितलं. मग इचार केला, ह्यो मानूस आदी कागदाचं तळं करतंय, लाकडाची बदकं बुडवतंय, आन खरी आली तर हाकलतंय. ह्याला झालंय काय?"

आत सुनेच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"ती तळ्यात यावीत म्हणून," मी म्हणालो. "तुला हितनं दिसावीत म्हणून."

हे तोंडातनं गेलं आणि मला उघडं पडल्यासारखं झालं. मला वाटलं, झालं, आता ती उठून आत जाईल. तसं झालं नाही.

"तळ्यात का न्हाई आली मग? पानी तर तितं बी हाय."

"चिखल न्हाई. खायाला काय न्हाई."

"आन खालच्या रानात कसं हाय?"

"हाय."

"कसं?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं. इतक्या वर्षांत तिनं ते कधी मागितलं नव्हतं. सोप्यात मी, ती, आत सून, आणि फाटकाबाहेर सुभेदार दात घासत उभा. खोटं कशाला सांगू, एकदा वाटलं, म्हणावं राहू दे, बदकं गेली खड्ड्यात.

"म्या रान बुडवलं," म्हणालो. "तू नको म्हणत हुतीस आन म्या बुडवलं."

"तवा चार मानसांत बोलला हुता," ती म्हणाली. राग नव्हता त्यात. नुसतं आठवण दिल्यासारखं.

मग मी फाटकाकडं तोंड करून तेच परत म्हणालो, मोठ्यानं. सुभेदारानं तोंडातला फेस थुंकला, इकडंतिकडं बघितलं आणि, ह्या गोष्टीसाठी मी त्याला जन्मभर मानेन, काही न बोलता घरात गेला.

बायकोनं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि पायात चपला घातल्या.

वाटेत मी पुढं आणि ती मागं, आमचं चालणं असंच. चिबडापाशी आल्यावर हत्तीगवताच्या ओळीकडं तिनं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये का लावलंय?" तिनंच दोन हातांनी ते फाकलं. रानात पाय ठेवला नाही. बांधावरच, अगदी कडेला बसली.

बदकं होती. ती बघत होती. मी तिच्या मागं उभा, आता काय म्हणेल म्हणून.

"आमच्या तळ्यावरली ही न्हवंत," ती म्हणाली.

"आं?"

"ती विटकरी असायची. जोडीजोडीनं यायची, लांबनं, आन थंडी सरली की जायची. रातचं एकमेकाला हाका मारायची. ही हितलीच. ही बारा म्हयनं हितंच असत्यात."

कसली बदकं, एवढं तिला मी विचारलंच नव्हतं. तळं खणलं, कागद आणला, बाभळ तासून घेतली, पोराला, सुभेदाराला, सुताराला सगळ्यांना कामाला लावलं, पण तिला एक शब्द विचारला नाही. पाणी देतानाही विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं होतं आणि ऐकलं नव्हतं. मला बसायला पाहिजे होतं, पण तिच्या शेजारी बसायची लाज वाटली. थोडं अंतर ठेवून मागं बसलो.

"मग चल घरला," म्हणालो. "फुकट आणली तुला."

तिनं मागं न बघता हात वर केला, गप बसा म्हणून. एक बदक पाण्यातनं चालत वर आलं होतं आणि पंख झाडत होतं. पंखात हिरवा पट्टा उन्हात चमकला. ती पुढं वाकली. लहान पोरीसारखी, तोंड थोडं उघडं ठेवून. लग्नात मी तिला बघितली तेव्हा ती खाली मान घालून होती. तिचं हे तोंड मी कधी बघितलंच नव्हतं.

ऊन चढेपर्यंत ती उठली नाही. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "उद्या लौकर येऊ. चहा हितंच आना. उठून घरला जायचं जिवावर येतंय."

"मी?"

"मग काय बदकं आनत्यात?"

जन्मात मी चुलीपासनं सोप्यापर्यंत कप नेलेला नाही. दुसऱ्या दिवशी सुनेनं किटली भरून दिली, वर दोन कप उपडे घातले आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. गल्लीतनं किटली घेऊन निघालो. दूध घालायला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून किटलीकडंच बघत चाललो. सुभेदार दारात होता.

"आबा, हाटेल काढलंस व्हय रं?"

"व्हय," म्हणालो, आणि चहा निवायच्या आत पोचायचं होतं म्हणून थांबलो नाही.